वजन उतरण्याआधी साखर उतरली : कमी कर्बोदकांच्या आहाराचे एक प्रकरण

जानेवारीतल्या एका पहाटे, साडेपाचच्या सुमारास, गावच्या दूध संस्थेत संकलन सुरू होते आणि संस्थेचे ५३ वर्षांचे सचिव नेहमीप्रमाणे फॅट मशीनसमोर बसले होते. मशीनवर ४.१ दिसत असताना त्यांनी वहीत दोनदा १.४ लिहिले. दूध घालायला आलेल्या शेतकऱ्याने चूक दाखवली तेव्हा ते त्याच्यावर ओरडले, आणि असे ओरडणे त्यांच्या स्वभावातले नव्हते. कडाक्याच्या थंडीत त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि पेन धरलेला हात थरथरत होता. तिथल्या एका मुलाला त्यांना मधुमेह असल्याचे ठाऊक होते, म्हणून त्याने चहासाठी ठेवलेल्या डब्यातली साखर पाण्यात ढवळून त्यांना पाजली. पत्नी ग्लुकोमीटर घेऊन पोहोचेपर्यंत वीसेक मिनिटे गेली होती. तेव्हाची साखर ६१ भरली. त्याआधी ती किती खाली गेली होती याची नोंद नाही, परंतु वागण्यात आणि आकडे वाचण्यात इतका गोंधळ सहसा ५४ च्या खाली गेल्यावर होतो.

दहा वाजता दोघेही माझ्या दवाखान्यात आले. काय झाले असे विचारल्यावर सचिव गप्प राहिले. उत्तर पत्नीने दिले : "डॉक्टर, यांनी चार दिवसांपूर्वी भाकरी सोडली, भात सोडला, चहातली साखर सोडली. गोळी मात्र एक दिवससुद्धा चुकवली नाही."

सगळे प्रकरण या एका वाक्यात आले आहे. कमी कर्बोदकांच्या आहाराने रक्तातील साखर आटोक्यात येते का, या प्रश्नावर लग्नाच्या मांडवापासून वैद्यकीय परिषदांपर्यंत वाद चालतो. या रुग्णाच्या बाबतीत त्याचे उत्तर चौथ्या दिवशीच मिळाले होते. साखर खाली आली होती, आणि आम्ही कोणी तयार नसताना आली होती. रुग्णाच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, हे प्रकरण येथे मांडत आहे.

पूर्वस्थिती

मधुमेह सात वर्षांचा, दुसऱ्या प्रकारचा. वजन ८४ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, पोटाचा घेर १०४ सेंटिमीटर. घटनेच्या तीन आठवडे आधी केलेल्या तपासण्यांत उपाशीपोटी साखर १६८, जेवणानंतर दोन तासांनी २६२ आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी ८.९ टक्के होते. रक्तातील चरबीपैकी ट्रायग्लिसराइड २६८, 'चांगले' कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल ३४, 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल ११८. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली होती, मूत्रपिंडाचे कार्य मात्र व्यवस्थित होते. औषधांमध्ये मधुमेहासाठी मेटफॉर्मिन १००० मि.ग्रॅ. आणि ग्लिमेपिराइड २ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, डापाग्लिफ्लोझिन १० मि.ग्रॅ. सकाळी, आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० मि.ग्रॅ. असा क्रम होता.

त्या तपासणीनंतर ग्लिमेपिराइडचा डोस मीच दुप्पट केला होता आणि आहाराबद्दल "गोड आणि भात कमी करा" एवढेच बोललो होतो. मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात हे वाक्य आपण इतक्या वेळा उच्चारतो की त्याला काही अर्थ उरत नाही. कमी म्हणजे किती, त्याऐवजी काय खायचे, आणि खरोखरच कमी केले तर गोळ्यांचे काय करायचे, यांपैकी काहीही मी सांगितले नव्हते. ते पुढे एका लग्नात भेटलेल्या नातेवाइकाने सांगितले, गोळ्यांचा भाग वगळून.

ताटात खरोखर किती होते

त्या दिवशी आम्ही तिघांनी बसून त्यांच्या आधीच्या आहाराचा हिशेब केला. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. चहाबरोबर बिस्किटे. साडेनऊला पोहे. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, भाजी, आमटी-भात. रात्री दीड भाकरी आणि पुन्हा आमटी-भात. रुग्णाचे म्हणणे असे की आपण चपाती कधीच सोडली आहे, ज्वारीच खातो, म्हणजे पथ्य पाळतोच आहोत.

हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे आणि तो सोडवायला मला दरवेळी वेळ लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम, गव्हाच्या पिठात सुमारे ६४ ग्रॅम, बाजरीत ६२, नाचणीत ६७ आणि पांढऱ्या तांदळात ७८ ग्रॅम कर्बोदके असतात. ज्वारीत तंतुमय पदार्थ आहेत, ती पोटभर वाटते, आणि ती सोडावी असे मी कोणालाही सांगणार नाही. परंतु गहू काढून ज्वारी आणली म्हणजे कर्बोदके घटली असे होत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह सर्वेक्षणाचा आहारविषयक भाग २०२५ साली प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसले. आपल्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, आणि पॉलिश केलेल्या धान्याऐवजी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ वापरल्याने, एकूण प्रमाण तेच राहिले तर, मधुमेहाचा धोका घटलेला आढळला नाही.

दुसऱ्या भेटीला पत्नी घरून पिठाचा गोळा घेऊन आल्या. नेहमी थापतात तेवढाच, ओल्या फडक्यात बांधलेला. आम्ही तो वजनकाट्यावर ठेवला. त्यातले पाणी वजा जाता कोरडे पीठ साधारण ७५ ग्रॅम होते, म्हणजे एका भाकरीत जवळपास ५० ग्रॅम कर्बोदके. रुग्ण बराच वेळ काट्याकडे पाहत राहिले. रोज शेकडो लिटर दूध मापणाऱ्या माणसाला आकड्याचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागले नाही. साडेतीन भाकरींचे १७५, दोन वेळच्या भाताचे ८०, पोह्यांचे ४५, चहातल्या साखरेचे तितकेच, बिस्किटांचे ३०, आणि डाळ, दूध, भाज्या मिळून ४०. बेरीज ४०० ग्रॅमच्या पुढे गेली. त्या चार दिवसांत ते यावरून थेट ४०-५० ग्रॅमवर आले होते. सकाळी अंडी, दुपारी पालेभाजी आणि पनीर, रात्री काकडी आणि ताक.

चौथ्या पहाटे काय घडले

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाच्या बीटा पेशींना इन्सुलिन सोडायला भाग पाडते. रक्तात साखर कमी असली तरी हा रेटा थांबत नाही, आणि गोळीचा परिणाम जवळपास दिवसभर टिकतो. ४०० ग्रॅम कर्बोदकांच्या हिशेबाने दिलेला डोस ५० ग्रॅमच्या आहारावर पडला. रात्री साडेआठला काकडी-ताक आणि गोळी, पहाटे साडेचारला उठून काही न खाता सायकलवर संस्थेत. साखर घसरायला याहून सोयीची परिस्थिती शोधूनही सापडणार नाही.

सुदैवाने दुसरे संकट फक्त दाराशी येऊन थांबले होते. डापाग्लिफ्लोझिन मूत्रावाटे साखर बाहेर टाकते. ते घेत असताना कर्बोदके एकदम तोडली की शरीरातले इन्सुलिन खाली येते, चरबी जळून कीटोन तयार होतात, आणि क्वचित प्रसंगी ते इतके साचतात की रक्त आम्लधर्मी होते. यातला धोका असा की त्या वेळी साखर २०० च्या आसपास किंवा त्याहूनही कमी दिसू शकते, त्यामुळे उलट्या, पोटदुखी आणि धाप घेऊन आलेल्या रुग्णाचा ग्लुकोमीटर पाहून "साखर तर ठीक आहे" असे म्हणत त्याला घरी पाठवले जाण्याची शक्यता असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गटातील औषधांबाबत असा इशारा मे २०१५ मध्येच दिला होता. भारतात डापाग्लिफ्लोझिनचे पहिले पेटंट २०२० च्या ऑक्टोबरमध्ये संपले, किंमत उतरली आणि ते तालुक्याच्या दुकानांत सर्रास मिळू लागले. हृदय आणि मूत्रपिंड यांच्या दृष्टीने हे औषध मोलाचे आहे, म्हणूनच ते कधी थांबवायचे हे सांगणे आवश्यक ठरते. आमच्या रुग्णाच्या लघवीत कीटोन दोन प्लस होते, पण मळमळ नव्हती, श्वास शांत होता आणि रक्तातील बायकार्बोनेट २२ होते. म्हणजे कीटोन होते, आम्लता नव्हती. रक्तदाब बसून ११२/७० आणि उभे राहिल्यावर आणखी खाली जात होता, कारण इन्सुलिन उतरले की मूत्रपिंड मीठ आणि पाणी जास्त सोडते.

वजन ८२ किलो भरले होते. चार दिवसांत दोन किलो गेल्याचा त्यांना आनंद होता, परंतु यकृत आणि स्नायूंतला साखरेचा साठा संपताना त्याच्याबरोबर साठलेले पाणी बाहेर पडते, आणि ते दोन किलो मुख्यतः तेच होते. चरबी अजून हललेली नव्हती.

वजन उतरल्यामुळे साखर सुधारली की कर्बोदके कमी केल्यामुळे, हा वाद खरा आहे आणि त्यातली वजनाची बाजूही भक्कम आहे. ब्रिटनमधील डायरेक्ट चाचणीत रोज साधारण ८५० उष्मांकांचा द्रव आहार दिला गेला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार वर्षअखेर ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांविना माघारी गेला होता, आणि ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक उतरले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. त्या द्रव आहारातले निम्म्याहून अधिक उष्मांक कर्बोदकांचे होते. म्हणजे वजन पुरेसे उतरले तर कर्बोदकांचे प्रमाण चढे असूनही मधुमेह मागे हटतो. मात्र ताटातली कर्बोदके घटताच साखर उतरू लागते, तिला चरबी उतरेपर्यंत थांबावे लागत नाही, आणि ही दुसरी गोष्ट आमच्या रुग्णाने पहाटेच्या थरथरीतून दाखवून दिली. औषधाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे, कारण ती दिवसांत घडते आणि आपली पुढची भेट महिन्यांनी असते.

निर्णय

हा आहार बंद करा, असे सांगणे सोपे होते. रुग्ण घाबरलेला होता, त्याने ते ऐकलेही असते. परंतु ज्या उपायाने चार दिवसांत इतका परिणाम दाखवला तो टाकून देऊन पुन्हा गोळ्या वाढवत जाणे मला पटले नाही. ग्लिमेपिराइड त्याच दिवशी पूर्ण बंद केले. डापाग्लिफ्लोझिन थांबवले. टेल्मिसार्टन निम्मे केले. मेटफॉर्मिन तेवढे ठेवले, कारण ते एकटे घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही.

आणि कर्बोदके वाढवली. ५० वरून १३० ग्रॅमपर्यंत. रोजच्या २००० उष्मांकांच्या हिशेबाने ही सुमारे २६ टक्क्यांची मर्यादा आहे आणि बहुतेक अभ्यासांत कमी कर्बोदकांचा आहार याच रेषेच्या खाली धरतात. २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी एचबीए१सी ६.५ च्या खाली आलेल्यांचे प्रमाण कमी कर्बोदकांच्या गटात ५७ टक्के आणि इतर आहाराच्या गटात ३१ टक्के होते, परंतु वर्षभरानंतर हा फरक बराच विरळ झाला. अत्यंत कडक आहार पाळणे लोकांना जमत नाही, हेही त्यातून दिसले. ज्या घरात एकाच तव्यावर सहा जणांच्या भाकऱ्या होतात तिथे एका माणसाने भाकरीशिवाय ताटावर बसणे किती दिवस चालेल, याचा विचार आकड्यांइतकाच करावा लागतो.

नवे ताट असे ठरले. प्रत्येक जेवणात ४० ग्रॅम पिठाची एक पातळ भाकरी. भात फक्त रविवारी, आणि त्या दिवशी भाकरी नाही. दोन्ही वेळा मटकी, हरभरा किंवा मुगाची उसळ अथवा घट्ट डाळ, वाटीभर दही, पालेभाजी मनसोक्त, शेंगदाण्याची चटणी. सकाळी पोह्यांऐवजी दोन अंडी किंवा घरच्या दुधाचे पनीर. चहा बिनसाखरेचा. फळांत पेरू. आधी उसळ-भाजी खायची आणि भाकरी शेवटी, कारण याच क्रमाने खाल्ल्यास जेवणानंतरची चढ कमी राहते असे काही छोट्या अभ्यासांत आढळले आहे आणि करून पाहण्यात तोटा काहीच नाही.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी त्याच आठवड्यात करून घेतली. साखर फार वेगाने उतरली तर पडद्यावरचा आधीचा दोष काही काळ बळावू शकतो, हे आहाराच्या उत्साहात विसरले जाते. त्यांच्या पडद्यावर सौम्य बदल होते. सहा महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा ते तेवढेच होते.

वर्षभरात

पहिले दोन आठवडे त्यांनी दिवसातून चार वेळा साखर तपासली आणि फॅटच्या नोंदीसारख्याच रेघा मारलेल्या वहीत ती लिहिली. त्यातल्या दोन ओळी मी उतरून घेतल्या आहेत. एका रविवारी, पाहुणे आल्यामुळे जुन्या पद्धतीचे जेवण झाले : आधी १३१, दोन तासांनी २४८. मंगळवारी नवे ताट : आधी ११८, दोन तासांनी १५१. त्यांना आहाराचे तत्त्व माझ्या सांगण्यापेक्षा या दोन ओळींनी अधिक पटवले. दोन आठवड्यांच्या शेवटी, एकट्या मेटफॉर्मिनवर, उपाशीपोटी साखर १२४ ते १३२ दरम्यान होती. जेवणानंतरचे आकडे इतके चांगले असताना सकाळचा आकडा का हटत नाही, अशी त्यांची तक्रार होती. पहाटे यकृत स्वतःहून रक्तात साखर सोडते, आणि चरबी साठलेल्या यकृताची ती सवय मोडायला महिने लागतात.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ६.८, वजन ७७.५, ट्रायग्लिसराइड १४२ आणि एचडीएल ३९. एलडीएल मात्र ११८ वरून १३१ झाले होते. घरच्या साजूक तुपाला आणि सायीच्या दह्याला त्यांनी मुक्त परवाना समजले होते. कर्बोदके काढली म्हणजे त्यांच्या जागी वाटेल ती चरबी चालते, हा समज मला ज्वारीच्या समजाइतकाच घातक वाटतो. तूप एका चमच्यावर आणले, साय काढायला सांगितली आणि कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन सुरू केले.

सहा महिन्यांनी एचबीए१सी ६.३ आणि वजन ७५ झाले. मग श्रावण आला. सोमवार, एकादशी आणि शनिवार असे उपवास या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालतात, आणि उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. कोरड्या १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके. पहिल्या सोमवारी खिचडीनंतरचा आकडा २२६ होता. उपवास सोडा असे मी म्हटले नाही, म्हणण्याचा अधिकारही मला नाही. वहीतला आकडा पाहून पत्नीनेच मार्ग काढला : शेंगदाण्याची आमटी, त्यात कुस्करायला वाटीऐवजी दोन चमचे वरई, बरोबर ताक आणि काकडीची कोशिंबीर. त्या ताटानंतर १४८.

दिवाळीनंतर तोल थोडा ढळला. लग्नसराई, संस्थेची निवडणूक, बाहेरची जेवणे. बारा महिन्यांनी एचबीए१सी ६.९ आणि वजन ७७ किलो होते. ८.९ च्या तुलनेत, आणि मधुमेहाची दोन औषधे वजा करून, हा चांगला निकाल आहे. पण याला मधुमेह गेला असे म्हणता येणार नाही. २०२१ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने ठरवलेल्या व्याख्येनुसार औषधे बंद केल्यावर किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली राहावे लागते. आमच्या रुग्णाचे मेटफॉर्मिन एकही दिवस बंद झालेले नाही. गावात त्यांच्याकडे बोट दाखवून "यांची शुगर बरी झाली" असे सांगितले जाते, आणि ते ऐकून आलेल्यांना मला हे प्रत्येक वेळी समजावावे लागते.

आलेल्यांपैकी दोघे इन्सुलिनवर होते आणि एकाचे मूत्रपिंड निकामी होत चालले होते. चौथ्याचे वजन ५१ किलो होते, गाल बसलेले. आपल्याकडे असे कृश मधुमेही बरेच असतात. त्यांच्यात मुळात इन्सुलिनच अपुरे पडते, उतरवायला वजन नसते, आणि कर्बोदकांबरोबर उष्मांकही घटले तर स्नायू झडतात. सचिवांचे ताट या चौघांपैकी कोणालाही मी जसेच्या तसे दिले नाही. पहिल्या दोघांचे इन्सुलिन आधी कमी करावे लागले आणि आहार त्यानंतर पायरीपायरीने बदलला. तिसऱ्याला मूत्रपिंडतज्ज्ञांकडे पाठवले. चौथ्याची भाकरी तशीच ठेवून त्यात अंडी आणि डाळ वाढवली.

सचिवांच्या बाबतीत आता एक प्रश्न उरला आहे. हृदय आणि मूत्रपिंड यांच्या संरक्षणासाठी डापाग्लिफ्लोझिन पुन्हा सुरू करावे असे मला वाटते. रोजची कर्बोदके १०० ग्रॅमच्या खाली जाऊ द्यायची नाहीत, निर्जळी उपवास करायचा नाही, उलट्या-जुलाब झाले किंवा जेवण तुटले तर गोळी त्याच दिवशी थांबवायची, आणि शस्त्रक्रिया ठरली तर तीन दिवस आधी बंद करायची, या अटी मी लिहून दिल्या आहेत. तो कागद त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला आहे. पत्नीने तो वाचून एकच प्रश्न विचारला, की एकादशीला गोळी घ्यायची की नाही. आमटी, वरई आणि ताक पोटात जाणार असेल तर घ्यायची, नुसत्या पाण्यावर राहणार असतील तर नाही, असे मी सांगितले आणि तीही ओळ त्या कागदावर त्यांच्यासमोरच लिहिली.